फट

नाव साटिल्मिश. म्हणजे विकलेला.
आधीची तीन मुलं राहिली नाहीत,
म्हणून आईने याला दर्ग्यात नवसाला विकून टाकलं
आणि मग पोरगं पीराचंच समजून वाढवलं.
हे त्याने मला पहिल्याच रात्री सांगितलं,
सिगारेट मागण्याआधी.

सॅमसूनचं इस्पितळ, तिसरा मजला, हाडांचा वॉर्ड.
खिडकीत काळा समुद्र. नावाला जागत नाही,
बहुतेक दिवस राखाडीच.

हेझलनटच्या उतारावर पाय घसरला, नडगीचे दोन तुकडे.
आत सळई घातली, स्क्रू पिळले, घरी पाठवलं.
चार महिन्यांनी फोटो काढला तर फट होती तशीच,
नखाएवढी,
दोन भाऊ बोलत नसावेत तशी दोन टोकं.
मग पुन्हा टेबलावर. या खेपेला कमरेचं हाड खरवडून
मध्ये भरलं.

डॉक्टर फेरिदुननी समजावलं:
धुराने रक्तवाहिन्या आवळतात,
हाडापर्यंत माल पोचत नाही, गवंडी बसून राहतात.
साटिल्मिशने मान डोलावली,
हवामानाच्या बातम्यांना डोलावतात तशी.

मी मुअल्ला, रात्रपाळीची. मी काही बोलले नाही.
अकरा वर्षं मीही ओढलेली आहे.

तिसऱ्या रात्री, तीन वाजता, तो आगीच्या जिन्यावर सापडला.
कुबड्या भिंतीला, पाय लांब सोडलेला, बोटांत लाल ठिपका.
मी ओरडले नाही. शेजारच्या पायरीवर बसले.
खरं सांगते, वास छान येत होता.

तो म्हणाला, मी बाफ्राचा.
आठव्या वर्षी पानं ओवायचो, हाताएवढी चपटी सुई,
बोटांना चीक असा चिकटायचा
की भाकरी कडू लागायची.
या तंबाखूने आमची चूल पेटवली,
बहिणीचं लग्न लावलं.
आता म्हातारपणी तिला घराबाहेर काढू?

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी घरून पिशवी नेली:
मावशीकडची अमास्याची भेंडी,
करंगळीच्या पेराएवढी, आणि सुई, आणि जाड दोरा.
आमच्याकडे हिच्या माळा सुकवतात, हिवाळ्यातल्या रश्श्यासाठी.
'नर्सबाई, हे बायकांचं काम.'
'आणि पानं ओवणं कोणाचं होतं?'
तो गप्प. मग सुई उजेडात धरून
पहिल्याच झटक्यात दोरा ओवला.

तलफ ही आगंतुक पाहुण्यासारखी.
दारात उभी राहते, आवाज चढवते,
चहा विचारला नाही तर पाच-सात मिनिटांत
कुरकुरत उतरते जिना.
उद्या परत येते, हेही खरं.
तेवढ्यात अकरा-बारा भेंड्या होतात.

दंडावर पट्टी, मांडीवर परात.
शेजारच्या खाटेवरचा ट्रकवाला नेजमेत्तिन,
ज्याने कधी ओढलीच नाही,
तोही ओवायला बसला, उगाच.

नवव्या दिवशी मुलीचा फोन आला, इस्तंबूलहून,
जमिनीच्या वाटणीवरून.
त्या रात्री त्याने ओढली. एक, मग अर्धी.
सकाळी स्वतःच सांगितलं,
शाळेतल्या पोरासारखं, खाली बघून.
मी वहीत लिहिलं: 'दीड.'
आणि परात पुढे सरकवली.

अडीच महिन्यांनी तो तपासणीला आला, अजून एका कुबडीवर.
डॉक्टरांनी फोटो खिडकीला लावला.
फटीत काहीतरी धूसर, पांढुरकं, कडा नसलेलं.
'धूर?' त्याने विचारलं. घाबरलाच होता.
'हाड,' डॉक्टर म्हणाले. 'कोवळं असताना असंच दिसतं.'
तो कितीतरी वेळ बघत राहिला.
मग खिशाकडे हात गेला, सवयीने,
आणि रिकामाच बाहेर आला.

निघताना एक माळ त्याने माझ्या टेबलावर ठेवली.
मी ती शिजवलेली नाही.
स्वयंपाकघरात खिळ्याला लटकते आहे.
एकशे चौदा मोजल्या मी,
एका रात्री, मलाच गरज होती म्हणून.
मध्ये एक उलटी ओवलेली आहे, देठाकडून.
नवव्या दिवसाची असावी.